नॉक्टिलक्स भिंगाच्या आवृत्त्या : सुधारणेच्या कल्पनेची एक परीक्षा

ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली की तिच्या मुखपृष्ठावर 'सुधारून वाढविलेली' हे शब्द बहुधा छापलेले असतात. जाणता वाचक ते शब्द वाचून थांबत नाही. तो दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवतो. काय सुधारले, काय वाढले आणि काय गुपचूप गाळले गेले याचा ताळा घेतो. पाठचिकित्सेला शास्त्राचे रूप आले ते याच सवयीतून. यंत्रांच्या आणि उपकरणांच्या बाबतीत मात्र ही सवय फारशी दिसत नाही. तेथे नवी आवृत्ती म्हणजे सुधारलेली आवृत्ती असे गृहीत धरले जाते. आणि त्या गृहीताची प्रतिक्रिया म्हणून उलट टोकाला जाऊन 'जुने तेच खरे' असे म्हणणाऱ्यांचा एक पंथही तयार होतो. दोन्ही पक्ष मूळ वस्तू तपासण्याच्या कष्टातून सुटका करून घेतात.

हा प्रश्न तपासण्यास जर्मनीतील लाइट्स (पुढे लायका) या संस्थेचे नॉक्टिलक्स हे भिंग विशेष सोयीचे आहे. रात्र आणि प्रकाश या अर्थांच्या दोन लॅटिन शब्दांवरून त्याचे नाव पडले. ५० मिलिमीटर केंद्रांतराच्या या भिंगाच्या तीन प्रमुख आवृत्त्या निघाल्या : १९६६ ची एफ/१.२, १९७६ ची एफ/१.० आणि २००८ ची एफ/०.९५. त्यानंतर २०२१ साली पहिल्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण म्हणावे असे एक भिंग आले. केंद्रांतर एक, कॅमेऱ्याची जोडणी एक, नाव एक आणि उद्देशही वरवर पाहता एकच. एवढ्या गोष्टी स्थिर असल्यामुळे बदललेल्या गोष्टी स्पष्ट उठून दिसतात. तौलनिक चिकित्सेला याहून अधिक काय हवे?

१

भिंगाच्या कड्यावर कोरलेला आकडा म्हणजे केंद्रांतराला प्रकाशप्रवेशाच्या व्यासाने भागून आलेला भागाकार होय. आकडा जितका लहान, तितके भिंग 'वेगवान'. कारण त्यातून अधिक प्रकाश येतो आणि फिल्म कमी वेळ उघडी ठेवली तरी चालते. या हिशेबाने ५० मिलिमीटरच्या भिंगात एफ/१.२ साठी सुमारे ४२ मिलिमीटर, एफ/१.० साठी ५० मिलिमीटर आणि एफ/०.९५ साठी ५२ मिलिमीटरांहून थोडा अधिक व्यास लागतो. प्रकाशाचे प्रमाण व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने पहिल्या आवृत्तीकडून दुसरीकडे जाताना प्रकाश १.४४ पट होतो, म्हणजे छायाचित्रकाराच्या परिभाषेत जेमतेम अर्धा थांबा. दुसरीकडून तिसरीकडे जाताना तो अवघा १.११ पट होतो, म्हणजे थांब्याचा सुमारे सातवा भाग. एवढा फरक अनुभवी माणसाच्याही सहज नजरेत भरणारा नाही.

तर मग बेचाळीस वर्षांच्या श्रमाचे फळ केवळ १.६ पट प्रकाश एवढेच म्हणावयाचे काय? प्रश्न असा मांडला की उत्तर निराशाजनक येते. पण मांडणीच चुकीची आहे. वेगाचा आकडा हे या भिंगांचे शीर्षक आहे, आशय नव्हे. त्यांचा आशय आहे दोषांशी झालेला झगडा. छिद्र रुंद करणे कठीण नाही. रुंद केलेल्या छिद्रातून येणारे सर्व किरण एका बिंदूवर आणणे कठीण आहे. गोलीय विपथनामुळे पसरणारा ठिपका छिद्राच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणजे रचना तीच ठेवून छिद्राचा व्यास दुप्पट केला तर प्रकाश चौपट मिळतो, पण हा दोष आठपट होतो. बिंदूला धूमकेतूचे शेपूट जोडणारा कोमा हा दोष छिद्राच्या वर्गाप्रमाणे आणि चित्राच्या मध्यापासूनच्या अंतराप्रमाणे वाढतो. फायद्याहून तोटा वेगाने वाढतो, हे या क्षेत्राचे मूळ गणित आहे. वेगवान भिंगाचा रचनाकार या गणिताशी कोणत्या साधनांनी तडजोड करतो, यातच प्रत्येक आवृत्तीचे वैशिष्ट्य शोधावे लागते.

२

पहिल्या आवृत्तीपूर्वीची परिस्थिती ध्यानात घ्यावयास हवी. एफ/२ च्या आसपासचे भिंग बसविलेला एर्मानॉक्स कॅमेरा १९२४ साली आला, तेव्हापासून घरातील दिव्यांच्या उजेडात, झगझगाटी दारू न पेटवता चित्र घेण्याची आकांक्षा छायाचित्रणात रुजली. १९५० नंतरच्या दशकात जपानी कारखान्यांनी या बाबतीत अक्षरशः शर्यत मांडली. झुनोचे एफ/१.१ भिंग १९५३ साली, निक्कॉरचे एफ/१.१ १९५६ साली आणि कॅननचे एफ/०.९५ भिंग १९६१ साली आले. या शेवटच्या भिंगात सात घटक होते आणि कड्यावरील आकड्याच्या दृष्टीने ते नॉक्टिलक्सच्या अगदी अलीकडील प्रमुख आवृत्तीच्या बरोबरीचे होते.

येथे कालक्रमाने एक मार्मिक गोष्ट पुढे येते. कॅननचे एफ/०.९५ बाजारात येऊन पाच वर्षे झाल्यावर लाइट्सने कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात मांडले ते एफ/१.२, म्हणजे आकड्यात मागे असलेले भिंग. आकडाच सर्वस्व असता तर हे कृत्य वेडेपणाचे ठरले असते. पण या भिंगाचा दावा निराळा होता. छिद्र पूर्ण उघडे ठेवले असताही रात्रीच्या चित्रातील रस्त्यावरच्या दिव्याभोवती धुरकट तेजोवलय उमटू नये आणि काळोखाचा काळेपणा टिकावा, असा तो दावा होता. म्हणजे पहिली आवृत्ती वेगापेक्षा वेगाच्या उपयोगक्षमतेचा विचार करते.

हेल्मुट मार्क्स आणि पाउल झिंडेल यांनी या रचनेत केवळ सहा घटक, चार गटांत बसविले. सहा घटकांची ही सममित मांडणी 'द्वि-गाउस' या जुन्या कुळातली होती. तिचा वंश १८९६ साली पाउल रुडॉल्फने रचलेल्या प्लानारपर्यंत मागे जातो. नवीन होती ती दोन अगोलीय पृष्ठे. भिंगाचे पृष्ठ सामान्यतः गोलाचा तुकडा असते, ते गोल भिंग बनविण्यास सोपा म्हणून. प्रकाशाला तो विशेष अनुकूल आहे म्हणून नव्हे. दोन गोलीय पृष्ठे एकमेकांवर सर्व दिशांनी घासली की ती आपोआप गोलच होत जातात. कडेकडे वक्रता बदलत जाणारे अगोलीय पृष्ठ मात्र असे आपोआप होत नाही. एकच अगोलीय पृष्ठ दोन-तीन गोलीय घटकांचे काम करू शकते आणि गोलीय विपथन मुळातच आवरते. पण १९६६ साली ते घासण्यास खास यंत्र आणि त्या यंत्रावर बसणारा कुशल कारागीर हवा होता. कित्येक घटक तपासणीत नापास होत. १९७५ पर्यंत या आवृत्तीची निर्मिती चालली. एकूण संख्या सतराशेच्या आसपास भरते.

या आवृत्तीचे मूल्यमापन करताना एक विसंगती नोंदवावी लागते. प्रकाशशास्त्रीय उत्तर म्हणून ती तिच्या काळाच्या पुढे होती. निर्मितीशास्त्रीय उत्तर म्हणून ती टिकण्याजोगी नव्हती. जे उत्तर मोजक्याच हातांना लिहिता येते, ते उत्तर असले तरी पद्धती होऊ शकत नाही. दुसऱ्या आवृत्तीचा जन्म या अडचणीतून झाला.

३

दुसरी आवृत्ती जर्मनीत रचली गेली नाही. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात मिडलंड येथे लाइट्सची शाखा होती. तेथील वॉल्टर मँडलर यांनी एफ/१.० ची रचना केली. मँडलर द्वि-गाउस कुळाचे गाढे जाणकार होते. अगोलीय पृष्ठांचा मार्ग त्यांनी साफ सोडून दिला. सात घटक, सहा गट, आणि सर्व पृष्ठे गोलीय! ज्या साधनामुळे पहिली आवृत्ती शक्य झाली, तेच टाकून देऊन तिच्याहून वेगवान भिंग उभे करणे हा या आवृत्तीतील खरा धाडसी निर्णय होय.

हे साधले ते काचेमुळे. लाइट्सने वेट्झलार येथे १९४९ पासून स्वतःची काच-प्रयोगशाळा चालविली होती. तेथे सिद्ध झालेल्या एका काचेचा वक्रीभवनांक १.९० इतका उच्च होता आणि एवढ्या उच्च अंकाच्या मानाने तिचे अपस्करण, म्हणजे रंग विखुरण्याची प्रवृत्ती, कमी होती. नेहमीच्या क्राउन काचेचा वक्रीभवनांक १.५२ च्या आसपास असतो. भिंगाची शक्ती वक्रीभवनांकातून एक वजा करून येणाऱ्या संख्येवर अवलंबून असते. तेव्हा ०.५२ च्या जागी ०.९० मिळाले की तेवढ्याच शक्तीसाठी पृष्ठाची वक्रता सुमारे ५८ टक्के पुरते. पृष्ठ जितके सपाट, तितके कडेचे किरण त्यावर कमी तिरके पडतात आणि गोलीय विपथनही तितके कमी उपजते. पहिल्या आवृत्तीने आकाराने जे साधले, ते दुसरीने द्रव्याने साधण्याचा यत्न केला. कारागिराच्या हाताची जागा रसायनाने घेतली.

पण ही भरपाई पूर्ण नव्हती. एफ/१.२ कडून एफ/१.० कडे जाताना, रचना तीच मानली तर, गोलीय विपथन १.७ पट वाढते. उच्च वक्रीभवनांकाने त्यातील मोठा भाग परत मिळविला, सर्व नाही. पूर्ण उघड्या छिद्राशी या भिंगाच्या चित्रात मूळ रेषा असते, पण तिच्यावर प्रकाशाचा एक पातळ पडदा असतो. सूक्ष्म तपशिलांतील तीव्रताभेद मंद होतो. छिद्र लहान करीत गेले की हा पडदा विरतो. पण त्याच वेळी स्पष्टतेचे प्रतल किंचित मागे सरकते, कारण कडेच्या किरणांचे आणि मध्याच्या किरणांचे केंद्र एक नसते.

चित्राच्या कोपऱ्यांत आणखी एक गोष्ट घडते. केवळ तिरकेपणामुळे होणारी घट हिशेबाने कोपऱ्यात सुमारे ७१ टक्के प्रकाश शिल्लक ठेवते. पण या भिंगात त्याच्या जोडीला नळीच्या कडा तिरके किरण अडवितात, आणि कोपरे पुष्कळच काळवंडतात. त्याचा अर्थ असा की कड्यावरचा १.० हा आकडा चित्राच्या मध्याला लागू आहे, कोपऱ्याला नाही. कडांनी कापलेल्या छिद्रातून पाहिलेला दूरचा दिवा गोल न उमटता बदामाच्या आकाराचा उमटतो, आणि असे अनेक बदाम चित्रमध्याभोवती फेर धरल्यासारखे दिसतात. या आवृत्तीच्या चाहत्यांना मोहविणारा 'भोवरा' तो हाच. त्याच्या मुळाशी गूढ काही नाही. नळीची लांबी आणि काचेचा व्यास यांचे प्रमाण आहे, आणि कडेकडे उरलेली अबिंदुकता आहे.

ही आवृत्ती २००८ पर्यंत, म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ चालली. या काळात तिच्या बाह्यांगात अनेक फेरफार झाले : गाळणीचा व्यास ५८ मिलिमीटरचा ६० मिलिमीटर झाला, सावलीचे सुटे टोपण जाऊन ओढून लांबविता येणारे अंगचे टोपण आले. विक्रेत्यांच्या सूच्यांत या बाह्य रूपांना निरनिराळ्या 'आवृत्त्या' म्हणून मान मिळतो आणि त्यांच्या किमतीतही फरक पडतो. पण भिंगरचना तीच राहिली. ग्रंथाच्या भाषेत बोलावयाचे तर ही नवी बांधणी आहे, नवा पाठ नव्हे. संग्राहकाला दोन्ही सारखेच महत्त्वाचे वाटू शकतात. समीक्षकाने मात्र दोहोंतील भेद विसरता कामा नये.

४

तिसऱ्या आवृत्तीच्या वेळेपर्यंत अगोलीय पृष्ठांचा प्रश्न सुटला होता. घासकामाची आणि घडाईची यंत्रे संगणकाच्या नियंत्रणाखाली आली होती. पेटर कार्बे यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या एफ/०.९५ भिंगात आठ घटक पाच गटांत आहेत, दोन पृष्ठे अगोलीय आहेत, आणि जवळच्या वस्तूकडे वळताना एक घटकसमूह इतरांपेक्षा वेगळ्या गतीने सरकतो. ही शेवटची योजना, जिला तरता घटक म्हणतात, मागील दोन्ही आवृत्त्यांत नव्हती. दूरच्या वस्तूसाठी तोललेले भिंग जवळच्या वस्तूसाठी तोल गमावते. तरता घटक तो तोल पुन्हा सावरतो.

म्हणजे तिसरी आवृत्ती ही दुसरीची सुधारणा नसून पहिलीचा आकार आणि दुसरीचे द्रव्य यांचा समन्वय आहे. त्याचा परिणाम उघड आहे. पूर्ण उघड्या छिद्राशी तीव्रताभेद आणि सूक्ष्म तपशील या दोन्ही बाबतींत ती एफ/१.० च्या फार पुढे आहे. पातळ पडदा नाहीसा झाला आहे. प्रकाशाच्या हिशेबात थांब्याचा सातवा भाग मिळविणाऱ्या या आवृत्तीने दोषांच्या हिशेबात मात्र मोठी मजल मारली आहे. आकड्यातील फरक सर्वांत लहान आणि चित्रातील फरक सर्वांत मोठा, ही गोष्ट कड्यावरील आकड्यावर विसंबून आवृत्त्यांची तुलना करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तथापि या मजलेची किंमतही आहे. शेवटच्या रूपातील एफ/१.० चे वजन सुमारे ६३० ग्रॅम होते, एफ/०.९५ चे ७०० ग्रॅम आहे. ढगाळ आकाशावर रेखलेल्या काळ्या फांद्यांसारख्या तीव्र कडांवर जांभळी झालर उमटते. स्पष्ट प्रतलाच्या अलीकडे जांभळट आणि पलीकडे हिरवट रंगाची छटा दिसते. हे अक्षावरील वर्णीय विपथन होय. एक विशेष असा की मागील आवृत्तीत हा दोष मंद पडद्याआड बऱ्याच अंशी लपलेला होता. पडदा दूर झाला आणि झालर दिसू लागली. एक दोष काढला की त्याने झाकलेला दुसरा उघडा पडतो, हा अनुभव ग्रंथसंपादकांनाही नवा नाही.

५

आतापर्यंतचे विवेचन भिंगापुरते झाले. पण भिंग एकटे चित्र घेत नाही. नॉक्टिलक्सच्या सर्व आवृत्त्या अंतरमापक असलेल्या कॅमेऱ्यासाठी आहेत. जोडणीच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर या कॅमेऱ्यात २७.८ मिलिमीटर ठरलेले आहे आणि एक मीटरपेक्षा जवळ या तिन्ही भिंगांचे केंद्र आणता येत नाही. त्या एक मीटर अंतरावर पूर्ण उघड्या छिद्राशी स्पष्टतेची खोली किती असते? अस्पष्टतेच्या ठिपक्याची नेहमीची मर्यादा, ०.०३ मिलिमीटर, धरली तर एफ/१.० साठी सुमारे दोन सेंटिमीटर. म्हणजे मध्यापासून पुढे एक आणि मागे एक. माणसाचा डोळा स्पष्ट आला तर कान अस्पष्ट होतो.

आता छायाचित्रकाराची नित्याची कृती पाहावी. अंतरमापकाचा ठिपका चौकटीच्या मध्यभागी असतो. त्यामुळे छायाचित्रकार डोळ्यावर केंद्र साधतो आणि मग मांडणीसाठी कॅमेरा थोडा वळवितो. एक मीटर अंतरावर कॅमेरा पंधरा अंशांनी वळविला तर स्पष्टतेचे प्रतल डोळ्याच्या मागे सुमारे साडेतीन सेंटिमीटर जाते. उपलब्ध मुभा एका सेंटिमीटरची आणि चूक साडेतीन सेंटिमीटरची! यात कारागिराचा दोष नाही आणि भिंगाचाही नाही. ही साधी भूमिती आहे. यावरून असा निष्कर्ष निघतो की दुसऱ्या आवृत्तीपासूनच भिंगाची शक्ती कॅमेऱ्याच्या साधनशक्तीच्या पुढे गेली होती. एफ/१.० च्या अनेक चित्रांतील मार्दव भिंगाचे म्हणून वाखाणले जाते. त्यांतील काही मार्दव केंद्र चुकल्याचे असते. चित्राच्या समीक्षकाने हा भेद करणे अवघड असले तरी तो करण्याचे टाळणे क्षम्य नाही. पुढे इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांत पटलावरील प्रतिमाच मोठी करून पाहता येऊ लागली, तेव्हा हा अडथळा दूर झाला; पण तो भिंगाच्या कोणत्याही आवृत्तीने दूर केलेला नाही.

आणखी एका दिशेने परिस्थिती बदलली. १९६६ साली वेगवान फिल्म म्हणजे ४०० च्या आसपास संवेदनक्षमता असलेली फिल्म. समईच्या उजेडात बसलेल्या माणसाचे चित्र घ्यावयाचे तर त्या काळी भिंगाचा अर्धा थांबाही मोलाचा होता. आजच्या प्रकाशसंवेदी पटलावर ६४०० इतकी संवेदनक्षमता सहज वापरता येते. म्हणजे सोळा पट. भिंगाने चार दशकांत १.६ पट दिले आणि पटलाने त्याहून कितीतरी अधिक दिले. अंधारात चित्र घेणे हा ज्या गरजेचा विषय होता, ती गरज दुसऱ्याच दाराने भागली.

मग भिंग कशासाठी उरले? उरले ते पार्श्वभूमी विरघळवून टाकण्यासाठी. रात्रीसाठी जन्मलेले भिंग आता दिवसा वापरले जाते. पण दिवसा ते वापरणे सोपे नाही. १०० संवेदनक्षमतेला भर उन्हात एफ/१६ आणि सेकंदाचा शंभरावा भाग असा ठोकताळा आहे. एफ/१ ला तोच हिशेब केला तर सेकंदाचा २५,६०० वा भाग येतो. फिल्मच्या लायका कॅमेऱ्यांचा पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतच चाले. म्हणून छायाचित्रकार भिंगापुढे काळी गाळणी लावतो, म्हणजे मोठ्या कष्टाने आत आणलेला प्रकाश दारातच अडवितो. नावात रात्र असलेल्या भिंगाचा हा दिवसाचा संसार पाहिला की साधनाचे प्रयोजन किती बदलले आहे हे कळते. प्रयोजन बदलले तर मूल्यमापनाचा निकषही बदलला पाहिजे. पण 'वेगवान' हे विशेषण मात्र जुनेच चालू आहे.

६

या पार्श्वभूमीवर २०२१ च्या पुनर्निर्मितीकडे पाहावे. त्या वर्षी लायकाने एफ/१.२ ची पहिली आवृत्ती पुन्हा बाजारात आणली. रचना मूळ गणिताशी शक्य तितकी जवळ ठेवली. दोन अगोलीय पृष्ठे मात्र आता हाताने न घासता साच्यात घडविलेली आहेत. वजन ४०५ ग्रॅम, म्हणजे एफ/०.९५ च्या निम्म्याहून थोडेसेच अधिक.

या भिंगाचे दोन अर्थ लावता येतात. पहिला अर्थ असा की १९६६ चे उत्तर बरोबर होते, केवळ ते लिहिणारा हात दुर्मीळ होता. यंत्राने तो हात उपलब्ध करून दिला आणि विसाव्या शतकात सतराशेपाशी थांबलेला प्रयोग पूर्णत्वास गेला. हा अर्थ न्याय्य आहे. दुसरा अर्थ असा की १९६६ च्या रचनेत उरलेले दोष, जे तेव्हा रचनाकाराची मर्यादा होते, ते आता विकाऊ गुण झाले आहेत. मार्क्स आणि झिंडेल यांनी ज्या गोष्टीशी झगडा केला, तिचाच वारसा म्हणून सन्मान होऊ लागला. हाही अर्थ नाकारता येत नाही.

दुसऱ्या अर्थाबद्दल केवळ उपहास करून भागणार नाही. दोष हा शब्द येथे परिभाषेतला आहे. त्याचा अर्थ 'बिंदूची प्रतिमा बिंदू न होणे' एवढाच. सर्व चित्रांत प्रत्येक बिंदू बिंदूच व्हावा असा कलेचा नियम नाही. छायाचित्रकार जाणूनबुजून मंद पडदा किंवा काळवंडलेले कोपरे निवडीत असेल तर ती निवड शब्दकलेतील आर्ष प्रयोगासारखी आहे. पण आर्ष प्रयोगाला मूल्य येते ते प्रयोक्त्याला प्रमाण रूप ठाऊक असते म्हणून. ज्याला प्रमाण रूपच ठाऊक नाही त्याचा आर्ष प्रयोग ही चूक असते. एफ/१.० च्या भोवऱ्याला भिंगाचा 'आत्मा' म्हणणारा, त्या भोवऱ्याची उपपत्ती नळीच्या कडेत आहे हे जाणत असेल, तर त्याचे म्हणणे ही रसिकता; जाणत नसेल तर ती केवळ श्रद्धा.

कॅननच्या बाजूचा इतिहास येथे उपयुक्त तुलना पुरवितो. स्वयंकेंद्री कॅमेऱ्यांसाठी कॅननने १९८९ साली ५० मिलिमीटरचे एफ/१.० भिंग काढले. त्यात अकरा घटक होते आणि वजन किलोग्रॅमच्या जवळ होते. ते बंद झाल्यावर २००७ मध्ये त्याची जागा घेणारे भिंग आले ते एफ/१.२, आठ घटकांचे आणि बरेच हलके. नव्या जोडणीसाठी २०१८ साली निघालेले भिंगही एफ/१.२ च राहिले. मात्र त्यात पंधरा घटक आहेत, तीन पृष्ठे अगोलीय आहेत आणि वजन पुन्हा साडेनऊशे ग्रॅमवर गेले आहे. आकडा स्थिर ठेवून सर्व साधने दोष निवारण्याकडे वळविली की काय होते, याचे हे उदाहरण आहे. लायकाने वजनाच्या मर्यादेत आकडा पुढे नेला. कॅननने आकडा रोखून वजन वाढू दिले. 'सुधारणा' हा एकच शब्द दोन्ही ठिकाणी वापरला जातो, आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे.

७

तीन आवृत्त्यांच्या या वाचनातून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे सांगता येतील. नॉक्टिलक्सच्या आवृत्त्या एका सरळ रेषेवरील तीन बिंदू नाहीत. पहिली आवृत्ती आकाराचे उत्तर आहे, दुसरी द्रव्याचे, तिसरी दोहोंच्या समन्वयाचे. दुसरी आवृत्ती पहिलीहून वेगवान असली तरी प्रत्येक बाबतीत तिच्याहून श्रेष्ठ नाही; तिने वेग मिळविला आणि बदल्यात कोपरे दिले. तिसरी आवृत्ती मापनाच्या कसोटीवर निःसंशय श्रेष्ठ आहे. पण ती आली तेव्हा जो प्रश्न सोडविण्यासाठी हे नाव जन्मले होते तो प्रश्नच क्षीण होत चालला होता. पूर्ण उत्तर मिळावे आणि तोवर प्रश्न निघून जावा, असा दैवदुर्विलास तंत्राच्या इतिहासात वारंवार आढळतो.

म्हणून आवृत्त्यांचे मूल्यमापन करताना तीन गोष्टी स्वतंत्र ठेवणे आवश्यक आहे. रचनाकारापुढे प्रश्न कोणता होता; त्याच्या हाती साधने कोणती होती; आणि आज ती वस्तू कोणत्या कामासाठी वापरली जाते. पहिल्या दोन गोष्टींचा निकाल इतिहासाने द्यावयाचा असतो, तिसरीचा चित्राने. तिसरीचे उत्तर पहिलीच्या माथी मारले की मँडलर यांना त्यांनी न मागितलेली स्तुती मिळते आणि मार्क्स यांना त्यांच्या वाट्याची स्तुती मिळत नाही. नव्याचा भक्त आणि जुन्याचा भक्त हे दोघेही नेमकी हीच गल्लत करतात.

'सुधारून वाढविलेली' हे शब्द वाचल्यावर जाणता वाचक जसा मूळ पाठाकडे वळतो, तसे कड्यावरचा आकडा वाचल्यावर चित्राकडे वळावे. आणि चित्रात जे दिसेल त्याचे कारण प्रथम काचेत, मग नळीत, मग कॅमेऱ्यात, आणि हे सर्व शोधून झाल्यावर छायाचित्रकाराच्या मनात शोधावे. हा क्रम उलटा केला की समीक्षा संपते आणि जाहिरात सुरू होते.